डेफिनेटली आणि दारातलं टेबल

मुलांनो, कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

कल्पना करा, की तुमच्या घराला एकच दार आहे आणि त्या दारात जेवणाचं भलंमोठं टेबल अडकलं आहे. उभं, तिरकं आणि घट्ट! बाटलीला बूच बसावं तसं! त्याचे दोन पाय घरात आणि दोन जिन्यात. आत तुम्ही, तुमचे बाबा, आजी आणि आजोबा. आणि थोड्याच वेळात तुमची पोहण्याची शर्यत!

केलीत कल्पना? आता हे सगळं एका शब्दामुळे झालं, असं कोणी सांगितलं तर खरं वाटेल? वाटू द्या. कारण तो शब्द मीच शिकवला होता.

मी निवृत्त मास्तर. मुलांना शिकवण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. बायकोचं वेगळं आहे, पण ती माझ्या वर्गात कधी बसलेली नाही. हल्ली माझ्या वर्गात एकच विद्यार्थिनी असते, माझी नात. तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती एका जागी बसलेली फक्त फोटोत दिसते, आणि त्यातही जरा पुसट.

तर आमच्या घराला एक जुना आजार जडला होता. 'बघू'!

माझा मुलगा, म्हणजे भिंगरीचा बाबा, हा या आजाराचा मुख्य रोगी. दिवा बदलायचा का? बघू. चष्मा सापडला का? बघू. एकदा डॉक्टर म्हणाले, "जीभ दाखवा," तर हा म्हणाला, "बघू!" गंमत म्हणजे हा शब्द ऑफिसात एक आणि घरात भलतंच बोलायचा. तो 'बघू' म्हणाला, की त्याचे साहेब समजत, हा येणार. आणि आम्ही समजत असू, हा येणार नाही. आजवर साहेबही चुकले नव्हते आणि आम्हीही!

हळूहळू आमच्या ओळखीच्या सगळ्यांना याची सवय झाली. लोक आमच्या घरी फोन करून काहीही विचारत, कारण उत्तर ठरलेलं होतं. त्यामुळे कोणालाच काही करावं लागत नसे.

पण भिंगरीला हे कसं चालावं? येत्या रविवारी तिची शर्यत होती. गेल्या वर्षी ती निम्म्या तलावापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. मग बाबा आला आहे का, हे बघायला मध्येच थांबली. बाबा आलेला नव्हता. नाकात पाणी गेलं, आणि बाईसाहेब दोरी धरून तिथंच लटकल्या. बाकीच्या मुली अंग पुसून कपडे बदलून आल्या, तरी ही लटकलेलीच!

"बाबा, या रविवारी येशील ना?" तिनं जेवताना विचारलं.

"बघू हं, बेटा."

भिंगरीनं मान खाली घातली आणि भाताची शितं एकेक करून ताटाच्या कडेला लावायला लागली. मला ते काही बघवेना. मी त्याच क्षणी ठरवलं, हा आजार मुळासकट उपटून काढायचा. आणि तोसुद्धा एका शब्दात!

"भिंगरे," मी म्हणालो, "उद्यापासून या आठवड्याचा शब्द, डेफिनेटली!"

"म्हणजे काय, आजोबा?"

"म्हणजे नक्की. निश्चित. 'मी येईन' हे साधं वाक्य झालं. ते वाऱ्यानं उडू शकतं. 'मी डेफिनेटली येईन' म्हटलं, की त्यावर वजन ठेवल्यासारखं होतं. उडत नाही."

"मराठीत असं वजन नाही?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काय प्रश्न विचारला पोरीनं! "आहे तर! आपल्याकडे एवढंसं 'च' हे काम करतं. येईन आणि येईनच. बघितलास फरक?"

"च!" भिंगरी म्हणाली. "च च च!"

"एवढे नकोत. एक पुरतो."

मग मी नियम जाहीर केला. आठवडाभर या घरात 'बघू' बंद! जो म्हणेल त्यानं रात्रीची सगळी भांडी घासायची, तीही आजीचा फुलाफुलांचा एप्रन बांधून. आजीनं नियमाला ताबडतोब पाठिंबा दिला. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही योजनेला तिनं इतक्या चटकन पाठिंबा दिल्याचं मला आठवत नाही.

"आणि अण्णा, तुम्ही म्हणालात तर?" मुलानं विचारलं.

"मी?" मी हसलो. "मी मास्तर आहे. माझ्या तोंडून तो शब्द निघणं शक्य नाही!"

पहिल्या दोन रात्री मुलानंच भांडी घासली. मग तो हुशार झाला. 'बघू' सोडून त्यानं त्या शब्दाची सगळी भावंडं कामाला लावली. भिंगरीनं विचारलं, "येशील ना?" की हा म्हणायचा, "जमलं तर." "प्रयत्न करतो." "असं धरून चालू." एकदा तर म्हणाला, "तत्त्वतः माझी हरकत नाही."

भिंगरीची आई दवाखान्यात नर्स. रविवारी तिची ड्यूटी होती. तिनं सोमवारीच सांगून टाकलं, "मी येऊ शकणार नाही, राणी. डेफिनेटली नाही. पण रात्री येताना तुझ्यासाठी नवा टॉवेल आणीन, डेफिनेटली." भिंगरीला त्याचं वाईट वाटलं नाही. नक्की 'नाही' हेही तिला चालत होतं. तिला अधांतरी लटकायचं नव्हतं. दोरीला लटकून झालं होतं!

आता माझी शिकवण्याची पद्धत अशी, की शब्द पाठ करून उपयोग नाही. तो वापरायला हवा. म्हणून मी भिंगरीला घरचा फोन घेण्याच्या कामावर नेमलं. "मोठ्यानं म्हण, छाती भरून म्हण," मी सांगितलं. आणि शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसलो.

पहिला फोन आला प्लंबरचा. आमचा स्वयंपाकघरातला नळ कित्येक महिने गळत होता. हा गृहस्थ दर आठवड्याला विचारायचा, "रविवारी सकाळी येऊ का?" आम्ही म्हणायचो, "बघू." मग तो आनंदानं यायचा नाही.

"रविवारी सकाळी येऊ का?"

"डेफिनेटली!" भिंगरी गरजली.

पलीकडून घाबरा आवाज आला, "म्हणजे... खरंच यायचं?"

"डेफिनेटली!"

दुसरा फोन खालच्या मजल्यावरच्या काकांचा. ते म्हातारपणी ट्रम्पेट शिकत होते. म्हणजे ते शिकत होते, आणि भोगत होतो आम्ही. "एकदा तुमच्याकडे बसून वाजवून दाखवीन म्हणतो. रविवारी सकाळी?"

"डेफिनेटली!"

तिसरा फोन माझ्या धाकट्या बहिणीचा, भिंगरीच्या आत्याआजीचा. तिच्याकडे आठ माणसांचं सागवानी टेबल होतं. माणसं मात्र होती दोनच. गेली कित्येक वर्षं ती विचारत होती, "पाठवू का गं ते टेबल तुमच्याकडे?" आणि आम्ही 'बघू' म्हणून ते टेबल तिच्याच घरात थोपवून धरलं होतं.

"डेफिनेटली, आत्याआजी!"

"अगं बाई! कधी पाठवू?"

भिंगरीला एकच वार ठाऊक होता. "रविवारी सकाळी!"

तुम्ही म्हणाल, आजोबा, तुम्ही शेजारीच होतात ना? होतो तर! पण मी उच्चार ऐकत होतो. काय उच्चार! काय जोर! मजकुराकडे लक्ष द्यायला मला वेळच नव्हता. प्रत्येक फोननंतर मी टाळ्या वाजवत होतो!

रविवार उजाडला. भिंगरी पोहण्याचा पोशाख, टोपी आणि डोळ्यांवर जलचष्मा चढवून पहाटेपासूनच तयार. तो चष्मा लावूनच ती दूध प्यायली. बाबा ऑफिसची बॅग भरत होता. साहेबांनी बोलावलं होतं, आणि हा त्यांना 'बघू' म्हणाला होता. म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळतंच.

"बाबा, येशील ना?"

"ऑफिसातून सुटलो, की परिस्थिती पाहून..."

तेवढ्यात जिन्यात गडगडाट झाला. माझ्या बहिणीचा आवाज आला, "जपून! पॉलिशला ओरखडा गेला तर बघा!" मी दार उघडलं आणि समोर टेबल! दारापेक्षा रुंद, माझ्यापेक्षा उंच, आणि दोन हमाल त्याच्याखाली घामाघूम.

"दादा, शेवटी तूच पोरीकडून हो म्हणवलंस रे!" बहीण टेबलामागून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे असावं. मला फक्त टेबल दिसत होतं.

"मी?"

"आता उभं करू," एक हमाल म्हणाला.

"तिरकं करू," दुसरा म्हणाला.

दोघांनी आपापलं केलं. टेबल कण्हलं, दार कण्हलं, आणि 'खट्' असा आवाज आला. बस्स! आता ते आत येईना की बाहेर जाईना. आत आलेल्या दोन पायांतला एक पाय चौकटीमागे असा अडकला होता, जसा काही तो जन्मापासून तिथंच राहत होता.

"आत ढकला!" बहीण ओरडली.

"बाहेर ओढा!" बायको ओरडली.

"बाजूला व्हा, प्लंबर आलाय!" जिन्यातून आणखी एक आवाज आला. "आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या दिवशी आलोय आणि आत शिरता येईना! नळ कुठंय?"

"टेबलाच्या या बाजूला!" मी म्हणालो.

"मग करवतीनं पाय कापू?"

"पायाला हात लावलास तर खबरदार!" बहीण कडाडली. "सागवान आहे!"

त्यावर खालून ट्रम्पेट वाजलं. काका वाद्यासकट वर येत होते, आणि येता येता सराव करत होते.

"कोणी बोलावलं या सगळ्यांना?" बायकोनं विचारलं.

भिंगरीनं जलचष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं.

"आजोबा, माझी शर्यत!" तिचा आवाज बारीक झाला. "मी बाहेर कशी जाऊ?"

आता मात्र मी छताकडे बघायचं सोडलं. पोरगी वर्षभर पहाटे उठून पोहायला जात होती आणि मी शब्द शिकवण्याच्या नादात तिला घरातच कोंडलं होतं! मी टेबल ढकललं. बाबानं ढकललं. बायकोनं आम्हा दोघांना ढकललं. टेबल होतं तिथंच.

मग भिंगरी खाली वाकली. टेबल तिरकं असल्यामुळे दाराच्या कोपऱ्यात एक तिकोनी फट राहिली होती. मांजर सहज जाईल, आणि मनात आणलं तर भिंगरी. पोरीनं डोकं घातलं, खांदा घातला, पाण्यात सूर मारावा तसं अंग सोडून दिलं, आणि ही बघा, सुळकन पलीकडे!

जिन्यात टाळ्या झाल्या.

"आत्याआजी, मला तलावावर नेतेस?"

"नेते म्हणजे काय! खाली टेम्पो उभाच आहे. चला रे सगळे! तसंही इथं कोण आत जातंय?"

आणि मुलांनो, त्या फटीतून एक छोटंसं तोंड परत आत डोकावलं. जलचष्मा वर सरकवलेला. डोळे भरलेले.

"बाबा, तू येशील?"

बाबानं तोंड उघडलं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, काय बाहेर पडणार. टेबलाच्या त्या बाजूनं प्लंबर ओरडला, "साहेब, 'बघू' म्हणू नका हो! मीसुद्धा आलोय!"

बाबानं तोंड मिटलं. ऑफिसची बॅग खाली ठेवली. जमिनीवर पोटावर आडवा झाला आणि तिच्या नाकाला नाक लावून म्हणाला, "येतो."

"येतो की येतोच?"

"येतोच!"

"डेफिनेटली?"

"डेफिनेटली!"

ती गेली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, त्यावर ट्रम्पेटचा. बाबानं साहेबांना फोन लावला. "साहेब, आज मी येणार नाही. नाही, बघू नाही. डेफिनेटली नाही!" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण फोन ठेवताना त्याचा चेहरा असा मोकळा झाला, जसं बूट काढल्यावर पायाला वाटतं.

"पण आपण जाणार कसे?" मी विचारलं.

"जाणारच, अण्णा!" म्हणून त्यानं तो अडकलेला पाय दोन्ही हातांनी धरला आणि रागानं पिळला. आणि काय सांगू! पाय फिरला! लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा, गर्रकन! तो पाय आट्यांचा होता. इतका वेळ आम्ही सगळे ओढत होतो आणि ढकलत होतो. फिरवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाय निघाला, टेबल मोकळं झालं, धाडकन आत आलं, आणि बायकोला घर राखायला ठेवून आम्ही दोघं त्याच्यावरून उड्या मारून बाहेर पडलो. मीसुद्धा! माझ्या गुडघ्यांना अजून ते खरं वाटत नाही.

मुलानं स्कूटर काढली. मी मागे बसलो. निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की टेबलाचा पाय माझ्या हातातच आहे. आता तो टाकणार कुठं? सागवान आहे!

तलावाच्या फाटकावर राखणदारानं अडवलं. "हे काय आहे?"

"टेबलाचा पाय."

"टेबल कुठंय?"

"घरी."

"मग पाय इथं कशाला?"

"शर्यतीला!" मी म्हणालो आणि आत घुसलो.

आता ऐका, आत काय घडलं होतं. मुली काठावर वाकून उभ्या होत्या. पंच शिट्टी तोंडाला लावत होते. भिंगरी मात्र वाकलेली नव्हती. ती गॅलरीत बाबाला शोधत होती. बाबाचा पत्ता नाही! पंचांनी गाल फुगवले, आणि तेवढ्यात ट्रम्पेटवाल्या काकांना राहवलं नाही. त्यांनी पोरीला धीर द्यायला एक स्वर सोडला.

पोंऽऽऽ!

बाकीच्या सगळ्या मुलींनी पाण्यात उड्या टाकल्या!

"थांबा! थांबा!" पंच धावले. मुलींना बाहेर काढलं, टोप्या नीट केल्या, काकांच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतलं. एका मुलीला उचकी लागली, ती थांबेपर्यंत थांबावं लागलं. या सगळ्या गोंधळात बराच वेळ गेला. आणि पंच पुन्हा शिट्टी तोंडाला लावतात, तोच आम्ही पोचलो.

"भिंगरे!" बाबा ओरडला. तेवढ्या गर्दीत तो दिसावा कसा? त्यानं माझ्या हातातला टेबलाचा पाय घेतला आणि डोक्यावर झेंड्यासारखा फडकवला. "आलोच! मी आलोच!"

भिंगरीनं तो पाय पाहिला. पायाखालचा बाबा पाहिला. चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाकली.

शिट्टी वाजली.

मुलांनो, त्या दिवशी ती मध्ये थांबली नाही. वर बघितलं नाही. बघायचं कशाला? तो आलेला आहे हे तिला माहीत होतं! गॅलरीत माझी बहीण, दोन्ही हमाल, प्लंबर, काका, आम्ही सगळे एका सुरात ओरडत होतो, "डे-फि-नेट-ली! डे-फि-नेट-ली!" प्लंबर पान्हा घेऊन कठड्यावर ताल धरत होता. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "हे तुमच्या मुलीचं नाव आहे का?"

भिंगरी तिसरी आली. पण आमचा जल्लोष असा, की पहिली आलेली मुलगी बावरून पंचांना विचारायला लागली, "मीच पहिली आले ना?"

बाबा चपलांसकट पाण्यात उतरला आणि तिला उचलून बाहेर घेऊन आला. ट्रम्पेट परत मिळाल्यावर काकांनी विजयाची धून वाजवली. पहिल्यांदाच ती आम्हाला ओळखू आली. घरी येताना टेम्पोत मी सगळ्यांना सांगत होतो, "बघितलंत? शब्द एक, पण काय करून गेला! शिकवणारा चांगला हवा!" कोणीच नाही म्हणालं नाही. टेम्पोच्या आवाजात ऐकू आलं नसेल, पण नाही म्हणालं नाही, हे खरं.

घरी पोचल्यावर हमालांनी टेबलाला चौथा पाय पिळून बसवला, आणि बहीण डोळे पुसत त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून परत गेली. ओरडून ओरडून घसा बसल्यामुळे प्लंबर नळाला हात न लावताच घरी गेला. टेबलानं आमची अख्खी बैठकीची खोली भरून टाकली. स्वयंपाकघरात जायचं तर त्याच्याखालून रांगत जावं लागत होतं. पण रात्री सून नवा टॉवेल घेऊन आली, आम्ही सगळे त्याच टेबलाभोवती जेवायला बसलो, आणि भिंगरी ब्राँझचं पदक गळ्यात घालून जेवली. मी तिला नीट समजावलं, "हे बघ बाळा, आधी मनात ठरवायचं, मग 'डेफिनेटली' म्हणायचं. न ठरवता म्हटलं, की दारात टेबल येतं." तिनं मान हलवली. मला वाटलं, माझ्या मास्तरकीचा याहून मोठा दिवस होणे नाही!

तेवढ्यात टेबलाखालून रांगत बायको बाहेर आली. केस विस्कटलेले, हातात पळी.

"अहो, हे धूड इथून परत कधी जाणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बहिणीचा ओलावलेला आवाज मला आठवला. बायकोच्या हातातली पळी समोर होती. मी घसा खाकरला.

"बघू," मी म्हणालो.

 स्वयंपाकघरातला नळ तेवढा ऐकू येत होता. टप. टप. टप.

भिंगरी खुर्चीवरून उतरली. टेबलाखाली शिरली आणि दुसऱ्या बाजूनं स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या दातांत आजीचा फुलाफुलांचा एप्रन होता. तिनं मला उभं केलं, एप्रन माझ्या कमरेभोवती गुंडाळला, मागे पक्की गाठ मारली आणि म्हणाली,

"आजोबा, आज भांडी तुमचीच!"

त्या 'च'चा उच्चार अगदी निर्दोष होता.